रोपांची वाढ थांबली आहे, पानांवर डाग आहेत: कारण आम्लवर्षा की आणखी काही?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

आमचा गट एका पडीक उतारावर झाडं लावतो आणि जगवतो. वाऱ्याच्या वाटेवर कोळशावर चालणारं वीजकेंद्र आहे आणि उताराच्या पायथ्याशी वर्दळीचा रस्ता. लावणीनंतर रोपांनी छान जीव धरला होता. आता मात्र बरीचशी जागच्या जागी थांबली आहेत. काहींच्या पानांवर वरून बारीक तपकिरी ठिपके आहेत, काहींच्या कडा करपल्या आहेत, काहींची पानं शिरा हिरव्या ठेवून बाकी पिवळी पडली आहेत. शेंडा मरत नाही, पण पुढेही सरकत नाही. त्याच उतारावरची जुनी मोठी झाडं ठीक दिसतात.

गटातले बहुतेक जण म्हणतात, ही आम्लवर्षा आहे. पावसाला आपण काय करणार, म्हणून काही जण काम सोडायच्या बेतात आहेत. मला ते पटत नाही. रोपं का थांबली हे कळल्याशिवाय तिथून उठायचं नाही, असं मी ठरवलं आहे. मोठी झाडं तगतात तर लहान का नाहीत? पानावरून कारण ओळखता येतं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

अंकुरण

मोठ्या-लहानाबद्दल आधी लिहिते, कारण मी रोपवाटिका चालवते आणि हा प्रश्न नेहमी येतो.

रोपाची जवळजवळ सगळी मुळं वरच्या वीतभर मातीत असतात. आम्ल वरून येतं, त्यामुळे तोच थर आधी बिघडतो. मोठ्या झाडाची मुळं खोल जातात. खाली खडक झिजून सुटणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम त्यांना मिळतं. शिवाय खोडात, फांद्यांत, जाड मुळांत त्यांचा साठा असतो. एखादं वर्ष वाईट गेलं तर त्यावर निभावतं. रोपाकडे साठवण जवळपास नसतेच. चार पानं गेली की त्याचा अर्धा संसार गेला.

दुसरं म्हणजे मुळांवरची मित्रबुरशी, मायकोरायझा. तिचं जाळं मोठ्या झाडाभोवती आधीच विणलेलं असतं. पडीक जमिनीत नव्याने लावलेल्या रोपाला ते पहिल्यापासून जमवावं लागतं, आणि आम्ल मातीत तेही नीट जमत नाही.

मोठी झाडं "ठीक दिसतात" यावर मात्र विसंबू नका. त्यांचीही वाढ मंदावलेली असू शकते. ते खोडाच्या वर्षवलयांत दिसतं, पानांवरून कळत नाही.

मातीकाम

पाऊलवाट, तुमच्या वर्णनात मला निदान दोन, कदाचित तीन वेगळी दुखणी दिसतात. सगळ्यांना आम्लवर्षा म्हटलं तर उपाय चुकेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्वच्छ हवेतला पाऊससुद्धा किंचित आम्लच असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.६ च्या आसपास येतो. कोळसा आणि इंधन जळताना निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइड व नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून हवेत सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल बनतं, मग सामू आणखी उतरतो. रॉबर्ट अँगस स्मिथने मँचेस्टर परिसरातल्या पावसातलं आम्ल १८५२ मध्येच नोंदवलं होतं. अमेरिकेत न्यू हॅम्पशरच्या हबर्ड ब्रूक जंगलात १९६३ पासून पावसाचं मोजमाप सुरू झालं, तेव्हा तिथे सामू ४ च्या जवळपास मिळाला. कारखान्यांपासून दूर, डोंगरातल्या जंगलात. सामूचं माप दसपटीचं असतं. ५ चा ४ झाला की आम्लता दहापट वाढली, हे धरून आकडे वाचा.

आता पानांचं. रोपांवर आम्ल केलेलं पाणी शिंपडून जे प्रयोग झाले, त्यांत डोळ्यांना दिसणारे डाग बहुतेक वेळा सामू ३ च्या आसपास किंवा त्याखाली गेल्यावर पडले. इतका आम्ल पाऊस क्वचितच पडतो. धुकं आणि ढगातले थेंब पावसापेक्षा बरेच जास्त आम्ल असू शकतात, म्हणून उंच डोंगरावरची जंगलं आधी भरडली गेली. तुमचा उतार महिनोन्‌महिने ढगात बुडालेला नसेल, तर पानांवरच्या ठिपक्यांचं खापर पावसावर फोडायला मी तयार नाही.

पावसातलं आम्ल खरं काम मातीत करतं, आणि तेही सावकाश. मातीच्या कणांना कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम चिकटलेलं असतं. आम्लातला हायड्रोजन त्यांना हुसकावून त्यांच्या जागी बसतो. सुटलेलं अन्न सल्फेट आणि नायट्रेटच्या सोबतीने पाण्याबरोबर खाली निघून जातं. जमिनीत चुनखडी असेल तर ती वर्षानुवर्षं हा मारा झेलते. वालुकामय किंवा ग्रॅनाइटवरची पातळ माती असेल तर तिची झेलायची ताकद लवकर संपते. मातीचा सामू ५ च्या खाली उतरला की एरवी खनिजांत बंदिस्त असलेलं अॅल्युमिनियम विरघळायला लागतं, आणि ते मुळांच्या टोकांना विषासारखं आहे. मूळ लांबायचं थांबतं. वर पाऊस भरपूर पडत असला तरी रोप तहानलेलं आणि उपाशी राहतं. जर्मनीत झोलिंगच्या जंगलात बर्नहार्ड उलरिश यांनी १९७० च्या दशकात ही साखळी मांडली.

त्यामुळे पानं बघून थांबू नका, मूळ बघा. मरायला टेकलेलं एक रोप भोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट खणून काढा. अख्खा गोळा बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा आणि माती आपोआप सुटू द्या. ओढाल तर बारीक मुळं तुटतील, आणि बघायचं आहे ते नेमकं त्यांच्यातच. निरोगी मुळाची टोकं पांढरी असतात आणि फाट्यांना पुन्हा केसासारखे फाटे असतात. अॅल्युमिनियमचा मार बसला असेल तर टोकं आखूड, जाडसर, तपकिरी आणि ठिसूळ दिसतात, बारीक फाटे जवळजवळ नसतात. मुळं काळी, लिबलिबीत असतील, वास येत असेल आणि चिमटीत धरल्यावर वरची साल सरकून निघत असेल, तर ते पाणी साचल्याचं लक्षण. आणि मुळं गोल गोल फिरलेली असतील तर ती पिशवीतच वळलेली आहेत. तिथे हवेचा संबंध नाही.

निरभ्र

मातीकाम यांच्या प्रतिसादाला +१. ठिपक्यांबद्दल मी लिहितो, कारण मला इथे जमिनीलगतच्या हवेतला ओझोन दिसतो.

ओळखायचं असं. ठिपके पानाच्या फक्त वरच्या बाजूला, अगदी बारीक, शिरांच्या मधल्या भागात, शिरा मात्र स्वच्छ. फांदीवरच्या जुन्या पानांवर जास्त, कोवळ्यांवर कमी. एक पान दुसऱ्यावर टेकलं असेल तर झाकलेला भाग बहुधा स्वच्छ राहतो. भिंग घेऊन पानाची खालची बाजूही बघा. तिथे बारीक जाळं आणि हलणारे कण दिसले तर तो लाल कोळी, म्हणजे एक बारीक कीड आहे. त्याचे ठिपके लांबून सारखेच वाटतात.

सल्फर डायऑक्साइडने शिरांमधला भाग पांढरट किंवा तांबूस होतो आणि डाग पानाच्या आरपार दिसतो. फ्लोराइडने टोक आणि कडा करपतात, करपलेल्या आणि हिरव्या भागामध्ये बऱ्याचदा गडद रेघ असते. पण कडा पाण्याच्या ताणानेही करपतात, खारट मातीनेही करपतात, म्हणून नुसत्या कडेवरून निवाडा करू नका.

ओझोन धुराड्यातून निघत नाही. वाहनांचा आणि कारखान्यांचा धूर उन्हात तापत, वाऱ्याबरोबर जात असताना तो वाटेत तयार होतो. त्यामुळे तो कुठे जास्त सापडेल याचा आपला अंदाज हमखास चुकतो. न्यूयॉर्क शहरात आणि भोवतालच्या ग्रामीण भागात एकाच वाणाची पोप्लरची रोपं लावून तुलना केली होती, ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. शहरातली रोपं जवळपास दुप्पट वाढली! माती, तापमान, कार्बन डायऑक्साइड सगळं तपासून झाल्यावर कारण निघालं ओझोन. शहरात वाहनांतून ताजा निघणारा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो. गावाकडे ते होत नाही, तिथे ओझोन दिवसभर टिकून राहतो. हा अभ्यास मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ विचार करत बसलो होतो. "शहरापासून लांब म्हणजे सुरक्षित" हे गृहीत धरून किती रोपवनं आखली गेली असतील!

ओझोन पर्णरंध्रांतून, म्हणजे पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून, आत शिरतो. झाड मग पानांच्या डागडुजीत साखर खर्च करतं आणि मुळांच्या वाट्याला कमी पाठवतं. म्हणजे मातीकाम म्हणतायत त्याच जागी पुन्हा येऊन पोचलो. आम्ल मुळाला बाहेरून मारतं, ओझोन त्याचं अन्न वरून तोडतो. मग साधा कोरडा आठवडाही रोपाला झेपत नाही, आणि आपण म्हणतो पाणी कमी पडलं.

जलरेखा

चांगली चर्चा. पण एक शंका मोकळेपणाने मांडते. १९८० च्या दशकात जर्मनीत "जंगलं मरणार" म्हणून केवढा गहजब झाला होता. तेवढं काही झालं नाही. मग आम्लवर्षेची भीती मुळातच वाढवून सांगितलेली नव्हती का? आणि आता तर युरोप-अमेरिकेत हवेतला सल्फर बराच कमी झालाय. मग हा प्रश्न अजून का उरावा?

मातीकाम

जलरेखाताई, शंका रास्त आहे. संपूर्ण मध्य युरोपातली जंगलं मरतील हा अंदाज खरा ठरला नाही, हे बरोबर. त्या वेळी दुष्काळ, थंडी, कीड, मॅग्नेशियमची कमतरता हे सगळं एकाच नावाखाली मोजलं गेलं.

पण चेकोस्लोव्हाकिया, पोलंड आणि पूर्व जर्मनीच्या सीमेवर, ज्याला काळा त्रिकोण म्हणायचे, तिथे लिग्नाइट (हलका तपकिरी कोळसा) जाळणाऱ्या वीजकेंद्रांनी डोंगरचे डोंगर स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचं जंगल खरोखर मारलं. तिथले ते उघडे माथे कुणी वाढवून सांगितलेले नव्हते. आणि बाकीकडे अंदाज चुकला त्यात धूर कमी केल्याचाही वाटा आहे. १९७९ चा हवाप्रदूषणावरचा जिनिव्हा करार, १९८५ चा हेलसिंकीचा ३० टक्के सल्फर-कपातीचा करार, अमेरिकेत १९९० ची स्वच्छ हवा कायद्याची दुरुस्ती, हे सगळं घडलं म्हणून पाऊस सुधारला. औषधाने ताप उतरल्यावर ताप नव्हताच असं म्हणता येत नाही.

प्रश्न का उरला, तर माती. हवा काही वर्षांत निवळते. मातीतून गेलेलं कॅल्शियम खडक झिजून परत यायला कित्येक दशकं लागतात, कधी त्याहून जास्त. आज जिथे पाऊस बरा आहे तिथेही रोप रुजतं ते कालच्या पावसाने धुतलेल्या मातीत. शिवाय सल्फर घटला तेवढा नायट्रोजन घटलेला नाही. शेतीतून आणि पशुपालनातून येणारा अमोनियासुद्धा मातीत गेल्यावर जिवाणूंच्या कामामुळे आम्लता वाढवतो. नायट्रोजनमुळे सुरुवातीला रोप हिरवंगार, तरारलेलं दिसतं. पण त्याचा पालाच वाढतो, मुळं मागे राहतात आणि मायकोरायझा घटते. लावणीनंतर रोपांनी छान जीव धरला असं पाऊलवाट म्हणतायत, त्यातला थोडा भाग हाही असू शकेल.

अंकुरण

थंडीचाही मुद्दा घाला. अमेरिकेच्या ईशान्येकडचा रेड स्प्रूस वर्षानुवर्षं हिवाळ्यात करपत होता आणि सगळे गोठणीला दोष देत होते. आम्ल धुकं सुयांसारख्या पानांच्या पेशीपटलांजवळचं कॅल्शियम धुऊन नेतं आणि त्यामुळे त्या सुईची थंडी सोसायची ताकदच घटते, हे नंतर उलगडलं. चालू वर्षाच्या कोवळ्या सुयांना हा फटका सर्वांत जास्त. म्हणजे मारलं थंडीने, पण दुबळं आधीच केलं होतं.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मुळं पाहिली आणि मातीही प्रयोगशाळेत दिली.

वरच्या ओळी: माती पातळ, रेताड. सामू ४.४. मुळांची टोकं आखूड, तपकिरी, बोथट. केसासारखे फाटे जवळपास नाहीतच. मातीकाम यांनी लिहिलंय ते डोळ्यांसमोर ठेवूनच बघत होतो, आणि अगदी तसंच निघालं. तिथल्या जुन्या पानांवर ठिपके आहेत, फक्त वरून, शिरा स्वच्छ. भिंगातून कोळी दिसला नाही.

रस्त्याकडच्या ओळी: तिथे चित्र पूर्ण उलटं. सामू ७.९. खणल्यावर खाली विटांचे तुकडे, काँक्रीट, सिमेंटचा गाळ निघाला. पिवळी पानं, शिरा हिरव्या, तीही शेंड्याकडच्या कोवळ्या पानांत. मुळं पांढरी आहेत.

एकाच उतारावर इतका फरक असेल असं गटात कुणाला वाटलं नव्हतं. आता आमच्यातले काही जण म्हणतात सरसकट चुना टाकू या.

मातीकाम

सरसकट अजिबात नको!

रस्त्याकडच्या ओळींना आम्लाने काहीच केलेलं नाही. काँक्रीट आणि सिमेंटमध्ये चुना भरपूर असतो, त्याने माती विम्ल (अल्कधर्मी, आम्लाच्या उलट) झाली आहे. अशा मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही, म्हणून कोवळी पानं शिरा सोडून पिवळी पडतात. मॅग्नेशियम कमी असतं तर पिवळेपणा आधी जुन्या पानांत आला असता. इथे चुना घातलात तर उरलेलं लोह आणि मँगनीजही अडकेल. राडारोडा जमेल तेवढा काढा, आळ्यात पानांचं खत आणि पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घाला. नव्याने लावायची असतील तर विम्ल माती सोसणारी झाडं निवडा.

वरच्या ओळींना चुनखडकाचा फायदा होईल. कॅनडातलं सडबरी हे यातलं सर्वांत मोठं उदाहरण. निकेल-तांब्याच्या भट्ट्यांच्या धुराने तिथले डोंगर काळे, उघडे पडले होते. १९७८ पासून लोकांनी दळलेला डोलोमाइट चुनखडक पाठीवरच्या पिशव्यांतून नेऊन हाताने पसरला. हेक्टरी साधारण १० टन. वर गवताचं बी, खत आणि मग झाडं. चुना पडला तिथे बर्च आणि पोप्लर पुढे न लावताही उगवून आले. भट्ट्यांचा धूर कमी केला होता म्हणून ते टिकलं, हेही विसरायचं नाही.

हबर्ड ब्रूकमध्ये १९९९ साली एका पाणलोटावर हेलिकॉप्टरने कॅल्शियम सिलिकेट टाकलं. पुढच्या वर्षांत तिथल्या शुगर मेपलची रोपटी कॅल्शियम न टाकलेल्या भागातल्यापेक्षा जास्त जगली आणि त्यांच्या मुळांवर मायकोरायझा जास्त आढळली. रेड स्प्रूसला हिवाळ्याचा चटकाही कमी बसला.

कळीचा किंवा विरलेला चुना वापरू नका, तो कोवळी मुळं भाजतो. दळलेला चुनखडक घ्या, मॅग्नेशियमही कमी असेल तर डोलोमाइट. सडबरीचा आकडा तिथल्या मातीचा आहे, तुमचं प्रमाण प्रयोगशाळेकडून "चुन्याची गरज" अशी चाचणी करून घ्या. एकदम सगळं टाकण्यापेक्षा हप्त्याने टाका. आणि काही ओळी मुद्दाम चुन्याविना ठेवा, नाहीतर फरक चुन्याने पडला की चांगल्या पावसाने, हे कधीच कळणार नाही.

जलरेखा

पटलं. मग प्रदूषण सोसणाऱ्या जातीच का लावू नयेत सरळ? एवढा खटाटोप वाचेल.

निरभ्र

तेही करून झालंय, ताई. काळ्या त्रिकोणातल्या धातुक पर्वतरांगेत (ओअर माउंटन्स) मेलेल्या स्प्रूसच्या जागी अमेरिकेतला निळा स्प्रूस मोठ्या प्रमाणावर लावला, कारण तो सल्फर डायऑक्साइड सोसतो. हिरवळ आली. पुढे हवा सुधारली, आणि या शतकात त्याच लागवडीत कळ्या मारणारी बुरशी पसरली. सगळीकडे एकच परकी जात असल्यावर तिला अडवायला काहीच नव्हतं. सोसणाऱ्या जाती घ्याव्यात, पण मिसळून, आणि माती तशीच आजारी ठेवून तर नकोच.

अंकुरण

पुढच्या लावणीसाठी दोन गोष्टी. उंच रोपांचा मोह टाळा. पाला मोठा आणि मुळं पिशवीएवढी, असं रोप या जागेत पहिल्याच ताणाला बसतं. बुटकं, भरपूर बारीक मुळं असलेलं रोप घ्या. आणि त्याच जातीची निरोगी झाडं जवळपास असतील तर त्यांच्या बुंध्याजवळची ओंजळभर माती खड्ड्यात मिसळा, मायकोरायझा त्यातून येते. रोगट झाडाखालची मात्र घेऊ नका.

पाऊलवाट

वाचनखूण साठवली आहे आणि गटाला सगळं वाचून दाखवलं. सोडून जाऊ म्हणणारेही थांबलेत. वरच्या ओळींत एक सोडून एक चुनखडक टाकायचा आणि खालचा राडारोडा उपसायचा, असं ठरलं. ओझोनसाठी काही करता येतं का? आणि खालच्या ओळींतल्या पानांवर धुळीचा थर बसतो, तो धुवावा का?

निरभ्र

ओझोन रोपाजवळ अडवता येत नाही. पाणी भरपूर दिलं की पर्णरंध्रं उघडी राहतात आणि ओझोनही जास्त आत जातो, हे खरं आहे. पण म्हणून रोपाला तहानलेलं ठेवू नका, त्यात तोटाच जास्त. ठिपके कुठल्या जातींवर कमी आहेत ते आत्ताच लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्यांचं प्रमाण वाढवा. बाकी धुराची तक्रार लेखी करायची तर ठिपक्यांचे तारखेसकट फोटो आणि मातीचे अहवाल जोडा. नुसतं "झाडं मरतायत" यावर कुणी हलत नाही.

मातीकाम

धूळ जरूर धुवा. ती प्रकाश अडवते आणि पर्णरंध्रं बुजवते. सकाळी धुवा, म्हणजे पानं उन्हात लगेच वाळतात. संध्याकाळी धुतली तर रात्रभर ओली राहून बुरशी धरतात. आणि खालच्या ओळींत धुण्यापूर्वी आळ्यावर आच्छादन असू द्या. ती धूळ सिमेंटची असेल तर धुतलेलं पाणी पुन्हा त्याच विम्ल मातीत जाणार आहे. वरचं आच्छादन मग दरवर्षी काढून नवं घाला.